येऊर ते खाडी: एका सशुल्क अभ्यासफेरीविषयी

ठाण्यातील एका लहान निसर्गगटाने गेल्या महिन्यात घेतलेल्या अर्ध्या दिवसाच्या फेरीला मी गेलो होतो. शुल्क माणशी सहाशे रुपये, चहा-पोह्यांसह. पक्षी ओळखण्याच्या नेहमीच्या फेऱ्यांहून ही निराळी होती, कारण येऊरच्या डोंगरातले ओढे ज्या ठाणे खाडीला मिळतात ती शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कशी होती, आणि ते जाणून न घेता आज तिच्यासाठी काही ठरवणे शहाणपणाचे आहे का, हा तिचा विषय होता.

सर्वांत मोलाचा तास गाळाचा. खाडीकाठी मार्गदर्शकांनी उभी चिरलेली प्लास्टिकची नळी उघडली. आत हातभर गाळ होता. वरचा चार बोटांचा थर काळाभोर आणि नाकाला झोंबणारा, खालचा राखाडी, त्यात नखाएवढे शिंपले. अशा थरांतील परागकणांवरून काठी कोणती झाडे होती ते कळते आणि फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या कवचांवरून पाणी किती खारे होते याचा अंदाज बांधता येतो. शिसे-२१० हा शिशाचा किरणोत्सारी प्रकार सुमारे २२ वर्षांत निम्मा होतो, म्हणून तो किती उरला आहे यावरून गेल्या शतकभरातील थरांचे वय काढतात. खेकडे बिळे करून थर कालवतात, त्यामुळे हा हिशेब दर वेळी जुळत नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितले आणि तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

तिवरे लावली की खाडी वाचली, असे आपण धरून चालतो. पण गाळ साचून तिवरांचे रान जिथे पुढे सरकते, तिथले उघडे चिखलपट्टे रोहित पक्ष्यांच्या चरण्याचे असतात. २०१५ साली अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेल्या या खाडीत यांपैकी काय आणि किती राखायचे, हे जुनी स्थिती माहीत असल्याशिवाय ठरवता येणार नाही, हे मला प्रथमच नीट उमगले.

तक्रारीही आहेत. १८८२ च्या जिल्हा गॅझेटियरच्या आणि जुन्या नकाशांच्या छायाप्रती इतक्या फिक्या होत्या की आम्हा तिसांपैकी कोणालाच धड वाचता आल्या नाहीत. येऊरचा उतार तर बसच्या खिडकीतूनच उरकला. निवट्या (चिखलातले लहान मासे) कुठे टोपलीभर मिळत हे बोटाने दाखवणाऱ्या कोळी आजोबांना जेमतेम दहा मिनिटे दिली; खरे तर त्यांचे सांगणे हा फेरीचा दुसरा गाभा व्हायला हवा होता.

नाव नोंदवताना ओहोटीची वेळ विचारून घ्यावी. आम्ही पोहोचलो तेव्हा भरती चढत होती आणि चिखल अर्ध्या तासात पाण्याखाली गेला.