रोबोटच्या मदतीने गुडघेरोपण: दोन्ही पद्धती अनुभवल्यावरचा अभिप्राय

माझ्या उजव्या गुडघ्याचे रोपण पारंपरिक पद्धतीने झाले आणि काही वर्षांनी डाव्या गुडघ्याचे रोबोटच्या साहाय्याने. दोन्ही गुडघे आज चांगले चालतात, त्यामुळे हा अभिप्राय तक्रारीचा नाही. मात्र रोबोटचे जे मोल रुग्णांना सांगितले जाते ते एक असते आणि मला प्रत्यक्षात जाणवले ते दुसरेच, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम हे स्पष्ट करायला हवे की, ‘रोबोटिक’ या एकाच नावाखाली बरीच वेगवेगळी यंत्रे येतात. माको या यंत्रात करवत यांत्रिक हाताला जोडलेली असते, पण ती चालवतो शल्यविशारदच. आखलेल्या सीमेबाहेर ती जाऊ लागली की यंत्र तिला अडवते. रोसा हे यंत्र हाड कापण्याचा मार्गदर्शक साचा अचूक जागी धरून ठेवते आणि काप मात्र डॉक्टर आपल्या हाताने घेतात. कोरीमध्ये हातात धरायचे, हाड घासून काढणारे उपकरण असते. रोबोडॉक, ज्याचा माणसावरील पहिला वापर १९९२ मध्ये खुब्याच्या शस्त्रक्रियेत झाला, आणि क्युव्हिस ही यंत्रे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या आराखड्यानुसार हाड स्वतः कोरतात. त्यामुळे ‘तुमच्याकडे रोबोट आहे का’ एवढेच विचारून रुग्णाला फारसे काही कळत नाही.

माझ्या शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅन झाला आणि त्यावरून गुडघ्याची त्रिमितीय प्रतिमा तयार करण्यात आली. सर्वच यंत्रांना स्कॅन लागत नाही. काहींमध्ये शस्त्रक्रियेदरम्यानच हाडाच्या पृष्ठभागावर टोकदार शलाका फिरवून नकाशा तयार केला जातो. स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग सोसावा लागतो, हे खरे. परंतु हाडाची झीज, वाढलेली टोके आणि कृत्रिम सांध्याचा संभाव्य आकार हे सारे आधीच दिसते.

खरा फरक यापुढच्या टप्प्यात आहे. पारंपरिक पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून तिच्या आधारे कापाचा कोन ठरवतात, आणि पुष्कळदा हाड कापून झाल्यावर चाचणीचा सांधा बसवून दोन्ही बाजूंचे अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारे चिवट पट्टे) किती ताणलेले आहेत ते पाहतात. एखादी बाजू घट्ट निघाली, तर अस्थिबंध सैल करावे लागतात किंवा हाड पुन्हा कापावे लागते. अनुभवी डॉक्टर हे उत्तम साधतात; माझा उजवा गुडघा त्याची साक्ष आहे. रोबोटच्या पद्धतीत मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत पिना बसवून त्यांवर खुणेचे फलक लावतात, कॅमेरा त्यांचा मागोवा घेतो, आणि पाय सरळ ठेवून व काटकोनात वाकवून दोन्ही बाजूंनी ताण दिला की आतल्या-बाहेरच्या बाजूंना दोन हाडांमध्ये पडणारी फट मिलिमीटरमध्ये पडद्यावर दिसते. हे सर्व पहिला काप घेण्यापूर्वी! हाड शाबूत असतानाच आराखडा एखाद्या अंशाने वा मिलिमीटरने बदलता येतो. माझ्या डाव्या गुडघ्याची आतली बाजू घट्ट होती. डॉक्टरांनी अस्थिबंध सैल न करता नडगीवर बसणाऱ्या कृत्रिम भागाचा कल थोडा बदलला, आणि तपासणीच्या वेळी ते आकडे मला दाखवून समजावून दिले. चौकटीत दार बसवताना कारागीर ते आधी मापून पाहतो, तसेच हे आहे. माझ्या मते रोबोटचे मोल करवतीच्या अचूकतेहून या आधी मिळणाऱ्या माहितीत अधिक आहे, आणि तिचे काय करायचे हा निर्णय पूर्णपणे डॉक्टरांचाच असतो.

पाय यांत्रिक अक्षाप्रमाणे, म्हणजे खुब्यापासून घोट्यापर्यंतच्या सरळ रेषेत, अगदी सरळ करायचा, की रुग्णाच्या मूळच्या नैसर्गिक ठेवणीच्या जवळ ठेवायचा, यावर अस्थिरोगतज्ज्ञांमध्ये आजही मतभेद आहेत. यंत्र यांपैकी कोणतेही उद्दिष्ट अचूकपणे गाठून देईल. उद्दिष्ट योग्य आहे की नाही हे ते सांगणार नाही.

बरे होण्याविषयी बोलायचे, तर डाव्या गुडघ्याला सुरुवातीची वेदना कमी होती आणि तो लवकर वाकू लागला. मात्र याचे सारे श्रेय मी रोबोटला देणार नाही, कारण मधल्या काळात भूल देण्याची व वेदनाशमनाची पद्धत सुधारली होती आणि फिजिओथेरपीचे व्यायामही मला आधीपासून माहीत होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात रोबोटिक गटाला वेदना कमी झाल्याचे आणि घरी लवकर जाता आल्याचे आढळले होते, परंतु त्यात रुग्णांची विभागणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, नव्हती. पहिले काही महिने सरल्यावर माझ्या दोन गुडघ्यांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. जखमेच्या बाहेरच्या बाजूचा बधिरपणा दोन्हीकडे आहे आणि गुडघे टेकून बसणे दोन्हीकडे अवघड वाटते.

दीर्घकालीन पुरावा याहूनही संयत आहे. दक्षिण कोरियात रोबोडॉक वापरून झालेल्या यादृच्छिक चाचणीत, रुग्णांचा किमान १० वर्षे पाठपुरावा केल्यानंतर, २०२० मध्ये असे मांडले गेले की कार्यक्षमता, सांधा सैल होणे आणि तो टिकणे यांत दोन्ही गटांत महत्त्वाचा फरक नाही. ते यंत्र जुन्या पिढीचे होते, म्हणून आजच्या यंत्रांवर तो निष्कर्ष जसाच्या तसा लादता येत नाही. पण नव्या यंत्रांनी सांधा अधिक वर्षे टिकतो असे म्हणायलाही अजून आधार नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार संपूर्ण गुडघेरोपणांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात, आणि हे यश मुख्यतः पारंपरिक पद्धतीचे आहे. ज्यांच्या रुग्णालयात रोबोट नाही त्यांनी म्हणूनच जराही घाबरू नये.

तोटेही नीट समजून घ्यावेत. नडगीवरच्या पिनांच्या जागा मला मुख्य जखमेपेक्षा जास्त काळ दुखल्या. अशा छिद्रांतून क्वचित हाड मोडते किंवा जंतुसंसर्ग होतो. शस्त्रक्रियेला वेळ अधिक लागू शकतो, विशेषतः डॉक्टर यंत्राला नवीन असतील तेव्हा. मधेच खुणेचा फलक हलला, तर सारी मोजणी निरुपयोगी ठरते आणि पारंपरिक पद्धतीकडे वळावे लागते. ज्यांचा त्या पद्धतीवर पक्का हात आहे अशाच डॉक्टरांकडे जावे, हे मी आग्रहाने सांगेन. शिवाय बहुतेक यंत्रे त्या त्या कंपनीच्याच कृत्रिम सांध्यांशी बांधलेली असतात, म्हणजे यंत्र निवडताना सांधाही निवडला जातो. मला मिळालेल्या माहितीपत्रकात यांतले एक अक्षरही नव्हते. ‘शून्य चूक’ असे मात्र ठळकपणे छापले होते. वेदनेने गांजलेल्या माणसापुढे असे शब्द ठेवणे मला अयोग्य वाटते.

मी रोबोटचा आग्रह कोणासाठी धरेन, तर ज्यांच्या मांडीच्या हाडात जुन्या अपघातातील सळई वा पट्टी आहे किंवा हाड वाकडे जुळले आहे, त्यांच्यासाठी. तेथे पोकळीत मापाची सळई घालणेच अवघड असते. तसेच ज्यांच्या गुडघ्याचा एकच भाग बदलायचा आहे, त्यांच्यासाठीही. अक्रोबॉट या ब्रिटिश यंत्रावरील २००६ च्या लहानशा चाचणीत रोबोटिक गटातील सर्व गुडघे ठरवलेल्या कोनाच्या २ अंशांच्या आत बसले, तर पारंपरिक गटात सुमारे ४० टक्केच. इतरांनी डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे की, पडद्यावरचे आकडे आराखड्याशी जुळले नाहीत तर ते काय बदलतील आणि का.