नॉइज कॅन्सलिंग हेडफोन, सहा महिने वापरून
सहा महिने झाले वापरतेय, रोज ट्रान्सहार्बरने ठाणे ते ऐरोली आणि मग ऑफिसात आठ-नऊ तास. ट्रेनची घरघर, एसीचा हुंऽऽ एकदम गायब, कारण माइक बाहेरचा आवाज पकडतो आणि हेडफोनचा स्पीकर त्याची उलटी लहर कानात सोडतो, एकसारख्या जाड आवाजाला हे मस्त जमतं. माणसांच्या बोलण्याला नाही. शेजारच्या टेबलावर कुणी माझं नाव घेतलं की मान वळतेच, १९५९ मध्ये नेव्हिल मोरे या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता, लोकांच्या दोन कानांत वेगवेगळं बोलणं ऐकवलं, एका कानातलं बोलणं मोठ्याने म्हणत राहायला लावलं तरी दुसऱ्या कानातलं स्वतःचं नाव साधारण एक तृतीयांश जणांना ऐकू आलंच. म्हणून मी आता पावसाचा आवाज हळू लावते, शब्दांची गाणी अजिबात नाही, चॅटचे नोटिफिकेशन बंद, आणि टीमला सांगून ठेवलंय की अर्जंट असेल तर सरळ टेबलावर टकटक करा. मे महिन्यात कानाच्या गाद्या घामाने चिकट व्हायच्या, दुपारी काढून पुसाव्या लागायच्या. बाकी पैसे वसूल. फक्त रस्ता क्रॉस करताना काढा हं, तलावपाळीला मला रिक्षाचा हॉर्न ऐकूच आला नव्हता, खूप घाबरले होते.