खचलेल्या मनासाठी मराठी बायबल: कोणते घ्यावे, कुठून उघडावे

घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, दुर्धर आजाराचा रिपोर्ट हाती आला की ख्रिस्ती घरांत कोणीतरी पवित्र शास्त्र पुढे करते. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ‘हे वाच, बरे वाटेल’ एवढे सांगून तो निघून जातो. घेणारा पहिल्या पानापासून सुरू करतो आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या यज्ञविधींपर्यंत येऊन थांबतो. नाहीतर मधूनच कुठेतरी उघडतो आणि समोर वंशावळ येते. पुस्तक मिटते आणि ‘देवाच्या शब्दानेही काही झाले नाही’ ही आणखी एक निराशा पदरात पडते. दोष वाचणाऱ्याचा नसतो. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ आणि कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके एकत्र बांधलेली आहेत. थकलेल्या माणसाने ती पहिल्यापासून ओळीने वाचावीत, अशी त्यांची रचनाच नाही.

म्हणून हे परीक्षण एकाच प्रश्नापुरते आहे: माणूस खचलेला असताना कोणते मराठी बायबल घ्यावे आणि ते कसे वापरावे.

आमची पहिली पसंती बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या ‘पवित्र शास्त्र’ला. मराठी चर्चमध्ये सर्वाधिक ऐकू येते ती हीच आवृत्ती. मोबाइलच्या ॲपमध्ये तिच्या नावापुढे ‘आरव्ही’ (रिवाइज्ड व्हर्जन) आणि ‘बीएसआय’ (बायबल सोसायटी ऑफ इंडिया) ही अक्षरे दिसतात. भाषा थोडी जुनी आहे. ‘मजबरोबर’, ‘भाराक्रांत’ असे शब्द भेटतात. तरीही मोठ्याने वाचताना ही भाषा तोंडात बसते, श्वास कुठे घ्यायचा ते वाक्यच सांगते. दुःखात माणूस डोळ्यांनी फार वाचू शकत नाही. तीच ओळ चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही. अशा वेळी अर्थाच्या आधी नाद उपयोगी पडतो, आणि त्यात ही आवृत्ती सरस आहे.

‘मराठी समकालीन आवृत्ती’ कथाभागांसाठी खरोखर चांगली आहे. शुभवर्तमाने, म्हणजे येशूच्या चरित्राची चार पुस्तके, तिच्यात सरळ आणि वेगाने वाचता येतात. स्तोत्रांसाठी, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांसाठी, मात्र ती आम्ही सुचवणार नाही. तिच्यात परमेश्वराऐवजी ‘याहवेह’ हे देवाचे हिब्रू नाव आहे आणि देवाला आदरार्थी ‘तुम्ही’ म्हटले आहे. मराठी माणूस आदराने बोलतो तेव्हा अंतर ठेवून बोलतो. रडताना आणि भांडताना तो देवाला ‘तू’च म्हणतो. तुकोबांचे करुणेचे अभंग ऐकत वाढलेल्या कानाला हे वेगळे सांगावे लागत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि स्तोत्रसंहिता मराठीत वाचताना तो पूल पायाखाली जाणवतो. ‘इंडियन रिवाइज्ड व्हर्जन’मध्ये ‘तू’ आहे आणि भाषाही सोपी आहे. शाळकरी मुलांसाठी किंवा ज्यांना जुनी मराठी जड जाते त्यांच्यासाठी ती मधली वाट ठीक आहे.

संदर्भ समजून घेत वाचायची सवय असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ जवळ असावे. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे. पण पहिल्या काही आठवड्यांत टिपा वाचण्याची ताकद नसते. ते नंतरसाठी ठेवा.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या भाषांतराचाही इथे उल्लेख हवा. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावलेल्या, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत वैधव्य आलेल्या बाईने शेवटची अनेक वर्षे या कामाला दिली. कमी शिकलेल्या बायकांना स्वतः वाचून कळावे, हा त्यामागचा हेतू होता. १९२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, काम पुरे झाले. आज रोजच्या वाचनाला ती प्रत सहज मिळत नाही, म्हणून शिफारशीत धरलेली नाही.

प्रत घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली, अक्षर. खिशात मावणारी चेनची प्रत छान दिसते, पण रडून सुजलेल्या डोळ्यांना आणि रात्रीच्या मंद दिव्याला ते अक्षर झेपत नाही. मोठ्या टायपाचीच घ्या. दुसरी, आतला मजकूर. छोट्या प्रतींत पुष्कळदा फक्त नवा करार असतो, काहींत त्याला स्तोत्रसंहिता जोडलेली असते. ईयोब, विलापगीत आणि एलीयाची गोष्ट त्यांत नसते आणि खचलेल्या माणसाला नेमकी तीच लागतात. तिसरी, कागद. बायबलचा कागद पातळ असतो, मागच्या पानाची अक्षरे पुढे दिसतात. हायलायटर आणि जेल पेन आरपार उमटतात. शिसपेन्सिल वापरा, तारीख लिहायलाही तीच.

आता उघडायचे कुठून. स्तोत्र १३. सहाच वचने (क्रमांक घातलेली वाक्ये) आहेत, वाचायला एक मिनिटही लागत नाही. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो: कोठवर विसरणार, कोठवर मुख लपवणार, कोठवर मी मनात झुरू, कोठवर शत्रू वरचढ राहणार. तिसऱ्या-चौथ्यात मागणी आहे, पाचव्या-सहाव्यात भरवसा. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांचा साचा हाच आहे: हाक, तक्रार, मागणी, भरवसा. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक-तृतीयांश स्तोत्रे अशी विलापाची आहेत, ही गोष्ट पुष्कळ विश्वासूंनाही ठाऊक नसते. तक्रार करणे म्हणजे अविश्वास, असे जिथे शिकवले जाते तिथे हे मोजून दाखवावे लागते. देवाकडे तक्रार तोच करतो ज्याला देव ऐकतो असे वाटते.

सुरुवातीला एक चूक हमखास होते. भरवशाच्या ओळीला आपलाही भरवसा लगेच यायला हवा असे वाटते, आणि तो न आल्याने अपराधी वाटू लागते. तसे नाही. ज्या दिवशी पाचवे वचन तोंडातून निघत नाही, त्या दिवशी चौथ्यावर थांबा. आणि काहीच निघत नसेल तर स्तोत्र ८८ वाचा. अठरा वचनांच्या त्या स्तोत्रात शेवटपर्यंत उजेड नाही. ते अंधारातच संपते. ते पवित्र शास्त्रात तसेच ठेवले गेले आहे, कोणी त्याला गोड शेवट जोडलेला नाही. ज्यांना ‘सकारात्मक राहा’ हे ऐकून ऐकून घुसमटल्यासारखे होते त्यांच्यासाठी या पुस्तकातले हे सर्वांत प्रामाणिक पान आहे.

पुढे स्तोत्र ४२ आणि ४३ एका बैठकीत वाचा. ती मुळात एकच रचना असावी असे अभ्यासक मानतात. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हे पालुपद तीनदा येते. माणूस इथे स्वतःच्या मनाशी बोलतो, त्याला गप्प करत नाही, आणि एकदा सांगून भागत नाही म्हणून पुन्हा सांगतो. झोप न येणाऱ्यांसाठी स्तोत्र ७७ आहे. डोळ्याला डोळा लागत नाही आणि बोलवतही नाही, ही अवस्था तिथे शब्दांत आहे. रात्री दिवा मालवण्याआधी ४, १२१ आणि १३० यांपैकी एक घ्या. तिन्ही आठ-आठ वचनांची आहेत. १३० मधला पहारेकरी पहाटेची वाट पाहतो. पहाट येणार हे त्याला माहीत असते, ती लवकर आणणे मात्र त्याच्या हाती नसते. ख्रिस्ती आशा म्हणतात ती हीच.

दोन-तीन आठवड्यांनी कथाभागाकडे वळा. १ राजे १९ पहिले. बाल दैवताच्या संदेष्ट्यांवर मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया लगेच पुढच्याच प्रसंगी जीव वाचवत रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला शिवतो आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याची सुरई दाखवतो. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो: खा, वाट लांबची आहे. प्रश्न विचारले जातात ते पुढे, होरेब डोंगरावर. तिथेही एलीयाला दोन गोष्टी कळतात: तू एकटा नाहीस, सात हजार जण उरले आहेत; आणि अलीशा नावाचा सोबती तुझ्याबरोबर असेल. आधी अन्न आणि झोप, मग बोलणे, मग सोबत: खचलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्यांनी हा क्रम भिंतीवर लिहून ठेवावा.

ईयोब वाचायचे तर अध्याय १ ते ३ आणि ३८ ते ४२ आधी वाचा. मधली भाषणे ओळीने वाचणाऱ्यांची हमखास फसगत होते. मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर इतके रुबाबात बोलतात की त्यांची वाक्ये देवाचे वचन म्हणून कार्डांवर छापली जातात. पण ४२:७ मध्ये (अध्याय ४२, वचन ७) देव स्पष्ट सांगतो की ते माझ्याविषयी बरोबर बोलले नाहीत. ‘तुझ्या पापामुळेच हे झाले’ हा त्यांचा सिद्धांत देवाने नाकारलेला आहे. मित्रांनी एक गोष्ट मात्र बरोबर केली, ती २:१३ मध्ये: सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले.

नव्या करारातून मार्क १४:३२–४२, योहान ११ आणि लूक २४:१३–३५ एवढे घ्या. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशू स्वतः अत्यंत व्याकूळ आहे आणि मित्रांना जागे राहायला सांगतो, ते झोपतात. बेथानी गावात भाऊ गमावलेल्या मार्था आणि मरीया या बहिणी दोघी वेगवेगळ्या वेळी एकच बोल लावतात: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशू त्यांना रागावत नाही. थडग्याकडे जाताना रडतो. येशूच्या मृत्यूनंतर अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघे शिष्य ‘आम्हांला आशा होती’ असे भूतकाळात बोलतात, आणि ज्याच्याविषयी बोलतात तोच शेजारून चालत असतो. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेले ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे स्तोत्र २२ चे पहिले वचन आहे. म्हणजे विलापाची ही प्रार्थना देवाच्या पुत्रानेही म्हटली. आणि पुनरुत्थानानंतरही, योहान २०:२७ मध्ये, त्याच्या अंगावरचे घाव तसेच आहेत. ख्रिस्ती आशा घडलेले पुसून टाकत नाही. घावांसकट जिवंत झालेल्या ख्रिस्तावर ती उभी आहे. तिची खरी ताकद इथे आहे असे आम्ही मनापासून मानतो.

वचनपेट्या, कॅलेंडरे आणि मोबाइलवर रोज सकाळी येणारी सुटी वचने मात्र या काळात बाजूला ठेवावीत. यिर्मया २९:११ चे उदाहरण घ्या. ‘तुमच्याविषयी माझे विचार हिताचे आहेत’ ही ओळ ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाठवली जाते. ती बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे आणि तिच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षे थांबावे लागेल असे सांगितले आहे. त्याच पत्रात घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, असेही आहे. पूर्ण पत्र धीर देते. तोडलेली ओळ मात्र खोटी मुदत देते, आणि मुदत टळली की विश्वासालाच तडा जातो.

ॲप वापरत असाल तर आधी सूचना बंद करा. सलग किती दिवस वाचले याचा आकडा दाखवला जातो, तोही दुर्लक्षा. एक दिवस चुकला आणि आकडा शून्यावर आला की आजारी माणसाला ते अपयश वाटते. ऑडिओ सगळ्या आवृत्त्यांना नाही, त्यामुळे स्पीकरचे चिन्ह दिसते का ते पाहून आवृत्ती निवडा. रुग्णालयात नेटवर्क जाते, म्हणून डाउनलोडची सोय असलेली आवृत्ती आधीच उतरवून ठेवा. पार्श्वसंगीत असलेले वाचन काहींना सहन होत नाही. तेव्हा घरातल्या कोणीतरी शेजारी बसून वाचलेले सर्वांत चांगले.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक झोप-भूक गेलेली असेल, किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर बायबल हे डॉक्टरऐवजी नाही, डॉक्टरबरोबर आहे. जिवाचे काही बरेवाईट करून घेण्याचा विचार असेल तर त्या माणसाला क्षणभरही एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. गोळ्या घेणे म्हणजे विश्वास कमी, असे कोणी म्हटले तर त्याला २ करिंथ १:८ दाखवा; आपण जगण्याचीही आशा सोडली होती असे प्रेषित पौल तिथे स्वतः लिहितो.

कोणाला भेट द्यायची असेल तर मोठ्या अक्षराची पूर्ण प्रत घ्या. पहिल्या पानावर उपदेश लिहू नका, फक्त नाव आणि तारीख लिहा. स्तोत्र १३, ४२ आणि १३० या तीन ठिकाणी जाड कागदाच्या पट्ट्या घाला. रिबन एकच असते आणि ती सटकते. पट्टीवर शिसपेन्सिलीने स्तोत्राचा क्रमांक लिहा. आणि शक्य असेल तर तेरावे स्तोत्र त्यांच्याजवळ बसून एकदा वाचून दाखवा, मगच पुस्तक त्यांच्या हाती द्या.