आल्या वाटेनं परतायचं नाही: गोल वाटांवरच्या पायपिटीचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वैशाखात मी आणि माझ्या नणंदबाईंनी रोजचं सोसायटीभोवती फिरणं बंद केलं आणि पुण्याच्या आसपास गोल वाटा शोधून चालायला लागलो. नियम एकच. निघालो तिथेच परत यायचं, पण आल्या वाटेनं नाही. दोघींची पन्नाशी उलटलेली, एकीचा डावा गुडघा कुरकुरतो, दुसरीला उंचावरून खाली बघवत नाही. वैशाख ते चैत्र असं एक आवर्तन पुरं झालं म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी निकाल, मग तपशील. अमुक वाट चांगली का, असं कुणी विचारलं तर मी उलट विचारते, कोणत्या महिन्यात? आणि कुठल्या टोकापासून सुरुवात करणार? देवळात प्रदक्षिणा एकाच बाजूनं घालतात. डोंगराला ते बंधन नाही, आणि तीच फेरी उन्हाळ्यात एका अंगानं सुखाची, तर हिवाळ्यात दुसऱ्या अंगानं.

वेताळ टेकडीचंच घ्या. शहरातली सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. आकडा ऐकून घाबरू नका. पुणंच साडेपाचशे मीटरच्या वर वसलंय, त्यामुळे खरा चढ दोन-अडीचशे मीटरांचा. आमची फेरी अशी: पत्रकारनगरकडून वर, खाणीला वळसा, वेताळबाबाचं देऊळ, मग लॉ कॉलेजच्या मागच्या अंगानं कांचन गल्लीत खाली, आणि शेवटी सेनापती बापट रस्त्यानं परत. हा शेवटचा तुकडा म्हणजे धूर आणि हॉर्न. त्याचे गुण कापलेच पाहिजेत, पण त्याच रस्त्यावर पोहे मिळतात म्हणून थोडे परत देते.

उन्हाळ्यात ही फेरी वर सांगितली तशीच घालावी. माथ्यावरचं उघडं माळरान उजाडता उजाडता उरकतं आणि ऊन चढेपर्यंत आपण झाडीच्या उतारावर असतो. डिसेंबर-जानेवारीत बरोबर उलटं. पहाटे झाडीतून वर चढायचं, अंगात ऊब आणायची आणि कोवळं ऊन पडलं की माळावर पोचायचं. हे सुचायला आम्हाला बरेच महिने लागले, एकदा सुचल्यावर मात्र साध्या टेकडीची लज्जत दुप्पट झाली.

टेकडीवरची झाडी हा वेगळाच वादाचा विषय. वर जे दाट दिसतं त्यात गिरिपुष्प भरपूर, म्हणजे आपली उंदीरमारी. मूळची मध्य अमेरिकेतली, इथे लावलेली. माघात पानं झाडून गुलाबी फुलते तेव्हा लोक फोटो काढतात. मला त्या दिवसांत गणेर जास्त आवडतो. एकही पान नाही, वाकड्यातिकड्या फांद्या आणि टोकाला तळहाताएवढी पिवळीधमक फुलं. मुळात ही टेकडी गवताची आणि विरळ झाडांची. माळ मोकळा दिसला की तिथे वृक्षारोपण करायलाच हवं, असं वाटणाऱ्यांनी भाद्रपदात एक चक्कर मारावी. गुडघाभर गवतात काय काय फुलतं ते खाली बसल्याशिवाय दिसत नाही. ज्येष्ठाच्या तोंडावर इथे नवरंग पक्षी येतो. दिसतो क्वचित, पण पहाटे त्याची दोन सुरांतली शीळ ऐकू आली की पाऊस फार लांब नाही असं समजायचं.

आता विसापूरचा किल्ला. वर्षातली सर्वांत भरगच्च फेरी हीच. लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं, द्रुतगती मार्गावरच्या पुलावरून पलीकडे जायचं आणि भाजे गाव गाठायचं. तिथून भाजे लेण्यांच्या बाजूच्या पायऱ्यांच्या वाटेनं विसापूर, पठारावरून तटाच्या कडेकडेनं चालून गायमुख खिंडीच्या अंगाला उतार, हौस आणि दम असेल तर लोहगड, आणि रुंद रस्त्यानं परत भाजे. लोहगड धरला तर पुरा दिवस जातो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यात लोहगड आहे. शेजारचा विसापूर नाही, आणि चालणाऱ्याच्या दृष्टीनं ते बरंच झालं.

पुणे शहरात वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. साठेक किलोमीटरवरच्या लोणावळ्यात तोच चार हजारांच्या वर जातो. ढग घाटमाथ्यावर मोकळे होतात आणि आपल्याकडे उरलंसुरलं येतं. आषाढातल्या एका सकाळी शिवाजीनगरला कोरड्या फलाटावर उभ्या होतो आणि मळवलीला उतरलो तर समोरचा डोंगरच गायब. तेव्हा पुण्यातलं आभाळ बघून विसापूरचा अंदाज बांधू नये.

पावसाळ्यात पायऱ्यांच्या वाटेवरून पाणीच खाली येत असतं. त्या पाण्यातून वर चढणं हा या फेरीचा गाभा. नणंदबाई मध्येच थांबून म्हणाल्या, "वहिनी, आता भिजायचं काही शिल्लक राहिलं का?" राहिलं नव्हतं. पण त्याच वाटेनं त्या दिवसांत उतरू नये. वाडीत चुलीपाशी कणसं भाजणाऱ्या बाईंनी आम्हाला आपणहून सांगितलं, "मावशी, लेण्याच्या बाजूनं उतरू नका हं. चढताना दगड दिसतो, उतरताना पाण्यानं झाकलेला असतो." पावसाळ्यात पायऱ्या चढायला आणि रस्ता उतरायला, हा क्रम आम्ही मोडला नाही. आणखी दोन गोष्टी. पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा तट दिसत नाही, तेव्हा कड्यापासून आत राहा. आणि जोराच्या पावसात पर्यटनस्थळांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, ते आदल्या रात्री बघून घ्या. रविवारी लोहगडच्या पायऱ्यांवर जी गर्दी होते तिच्याबद्दल लिहीत नाही. आठवड्यातला कामाचा दिवस मिळाला तरच लोहगड जोडा.

थंडीत फेरी उलटी. सकाळी रस्त्यानं गायमुख खिंड, मग विसापूर, पठारावर टाकी, चुना मळायच्या घाण्याचं मोठं जातं, लांबच लांब तटबंदी असं सावकाश बघत फिरायचं आणि दुपारी कोरड्या पायऱ्यांनी भाज्यात उतरायचं. याचं खरं बक्षीस शेवटी आहे. भाजे लेण्यांचं तोंड पश्चिमेकडे आहे. दुपार कलली की ऊन थेट चैत्यगृहात शिरतं, स्तूपापर्यंत जातं आणि छताच्या लाकडी कमानी उजळतात. हे लाकूड इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं, त्यातलं बरंचसं अजून जागेवर. सकाळी याल तर तिथे नुसता काळोख. लेणी संध्याकाळी बंद होतात, म्हणून पठारावर फार रेंगाळू नका. परतीच्या लोकलची वेळही आधीच बघून ठेवा, दुपारच्या वेळी गाड्या विरळ असतात.

उन्हाळ्यात विसापूर नको. पठारावर सावली नाही, टाक्यांतलं पाणी पिण्याजोगं नसतं. करवंदं खायची तर ती पायथ्याच्या जाळीतही मिळतात.

सिंहगड गोल वाटेत बसतो का? सरळ उत्तर, नाही. आतकरवाडीतून चढलात आणि कल्याण दरवाजानं उतरलात तर कल्याण गावात, डोंगराच्या भलत्याच बाजूला पोचता. आम्ही त्यावर असा तोडगा काढला की गाडीरस्त्यानं वर जायचं आणि माथ्यावरच फेरी घालायची. पुणे दरवाजा, टिळक बंगला, राजाराम महाराजांची समाधी, तानाजी कडा, कल्याण दरवाजा, देवटाकं आणि परत. पौषातली स्वच्छ सकाळ असेल तर राजगड आणि तोरणा असे दिसतात की बोटानं दाखवावे लागत नाहीत. मडक्यातलं दही खाऊन खाली. चाल म्हणून फेरी छोटी आहे, आजीला किंवा नातवंडांना नेण्याजोगी.

सामानाबद्दल थोडं. बुटांवर मी बरेच पैसे घातले. दुकानदारानं पकड उत्तम म्हणून सांगितली होती आणि कोरड्या कातळावर ती खरोखर उत्तम आहे. शेवाळलेल्या बेसॉल्टवर मात्र नणंदबाईंचे निम्म्या किमतीचे रबरी खिळ्यांचे बूट जास्त चालले. छत्री टेकडीवर ठीक, विसापूरच्या वाऱ्यात ती क्षणात उलटते, तिथे पोंचोच हवा. काठी एकच घ्यावी, ती उताराला. नकाशासाठी फोनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं एक ॲप आहे, पायवाटा त्यात बऱ्या दिसतात. नेहमीचा नकाशा आपल्याला गाडीच्या रस्त्याकडे ओढत राहतो.

कुसळांबद्दल कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते. आश्विन-कार्तिकात गवत सोनेरी होतं तेव्हा ते दिसायला सर्वांत देखणं आणि मोज्यांना सर्वांत घातक. कुसळाच्या शेपटाला पीळ असतो, ओल लागली की तो सुटत जातो आणि टोक आत आत शिरतं. घामेजलेला सुती मोजा म्हणजे त्याला आमंत्रणच. त्या दोन महिन्यांत गुळगुळीत कापडाची पँट बुटावर येईल अशी घालायची आणि वाटेच्या मधून चालायचं. घरी आल्यावर मोजे थेट मशीनमध्ये टाकू नका, पुढच्या धुण्यात सगळ्यांच्या बनियनना टोचतात.

फाल्गुन-चैत्रात हेच गवत पेटतं. वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवताचे पट्टे आधीच जाळून ठेवतं, तरी कुठेतरी वणवा लागतोच. धूर दिसला की फेरी पुरी करायचा हट्ट सोडून जवळच्या वाटेनं खाली उतरायचं आणि वनखात्याला कळवायचं. तेव्हा आल्या वाटेनं परतावं लागलं तरी चालेल. काळ्या पडलेल्या उतारावर पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेले दिसतात, त्यांचे फोटो मी काढत नाही.

गुडघ्याचं विचाराल तर चढानं त्रास दिला नाही, उतारानं दिला. ज्यांचे गुडघे फारच बोलतात त्यांनी टेकडीपासून सुरुवात करावी आणि सौम्य बाजू उतरायला ठेवावी. एकट्यानं विसापूरला जायचा सल्ला मी कुणालाच देणार नाही. नणंदबाईंना आता त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरीची फेरी घालायची आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे आमचं भाद्रपदावर एकमत झालंय. फक्त ही प्रदक्षिणा आहे, त्यामुळे कुठल्या बाजूनं सुरुवात करायची यावर या वेळी चर्चा नाही.