ग्लेन कॅन्यनमधील नौकाविहार : धरणाच्या वर की खाली?
अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील पेज या गावी आलेल्या पर्यटकाला कोलोरॅडो नदीच्या ग्लेन कॅन्यन या घळईत दोन प्रकारे नौकाविहार करता येतो. ग्लेन कॅन्यन धरणात १९६३ मध्ये पाणी साठू लागले आणि घळईचा बहुतांश भाग लेक पॉवेल या जलाशयाखाली गेला. धरणाच्या पायथ्यापासून लीज फेरी या नदीकाठच्या ठिकाणापर्यंतचा सुमारे २५ किलोमीटरचा पट्टा मात्र आजही वाहत्या नदीचा आहे.

जलाशयावरच्या सहली मोटारबोटीने होतात. त्यांतील सर्वांत मोलाचे ठिकाण म्हणजे रेनबो ब्रिज, ही सुमारे ८८ मीटर उंचीची नैसर्गिक दगडी कमान. नावाहो आणि आसपासच्या अन्य आदिवासी समाजांना ती पवित्र असल्याने तिच्याखालून चालत जाऊ नये, अशी विनंती पर्यटकांना केली जाते. बोटीने न गेल्यास तेथवर परवाना काढून लांबची खडतर पायपीट करावी लागते. जलाशयाची पातळी उतरली की धक्क्यापासून कमानीपर्यंतचे चालणे वाढते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी अवश्य करावी. अँटिलोप कॅन्यनच्या नावाने होणाऱ्या बोटसहलीबाबतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी : छायाचित्रांत दिसणारी, वरून प्रकाशाचे झोत उतरणारी अरुंद फट या सहलीत दिसत नाही, ती नावाहो भूमीवर असून तेथे वाटाड्यासोबत पायीच जावे लागते.

धरणाखालच्या पट्ट्यात खळाळते प्रपात नाहीत, त्यामुळे लहान मुले आणि वयस्कर मंडळीही निर्धास्तपणे जाऊ शकतात. गाळ वरच्या जलाशयातच बसत असल्याने येथील पाणी नितळ आणि हिरवट दिसते, आणि ते खोल थरांतून सोडले जात असल्यामुळे चांगलेच गार असते. वाटेत खडकांवर प्राचीन कोरीव चित्रे पाहायला मिळतात. हजारो लोक सुमारे ३०० मीटर उंच कड्यावरून जे हॉर्सशू बेंड हे घोड्याच्या नालेच्या आकाराचे वळण पाहतात, त्याच वळणातून नाव प्रवाहाबरोबर सावकाश जाते आणि दोन्ही बाजूंच्या वालुकाश्माच्या भिंतींची खरी उंची तळातूनच उमगते. मूळ घळई नदीने कशी कोरली हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने हाच पर्याय घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. रेनबो ब्रिज पाहण्याची मनापासून ओढ असेल तरच जलाशयाकडे वळावे.

उन्हाळ्यात दोन्हीकडे ऊन कडक असते, तेव्हा शक्यतो सकाळची फेरी घ्यावी. पेजमध्ये घड्याळे उन्हाळ्यासाठी पुढे करत नाहीत, शेजारच्या नावाहो भूमीवर आणि युटा राज्यात मात्र करतात. मोबाइलवरील वेळ त्यामुळे तासाभराने चुकू शकते, म्हणून सहलीची वेळ कोणत्या घड्याळाप्रमाणे आहे, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे.