जीमॅट पुन्हा देताना : पुण्याचा क्लास की सांगलीतली अभ्यासिका?

एमबीएच्या प्रवेशासाठी दिलेल्या जीमॅट परीक्षेचा स्कोअर मनासारखा आला नाही की सांगलीत घरोघरी एकच सल्ला मिळतो, ‘पुण्याला जाऊन चांगला क्लास लाव.’ सल्ला आपुलकीचा असतो, पण सरसकट सगळ्यांच्या उपयोगाचा नाही.

आधी स्कोअर खरोखर कमी आहे का ते बघा. 2023च्या अखेरीस परीक्षेचं स्वरूप बदललं आणि गुण 205 ते 805 या पट्टीवर आले. ओळखीतल्या कुणाला जुन्या परीक्षेत 700 होते म्हणून तुम्ही स्वतःच्या 645वर नाराज असाल, तर पर्सेंटाइल काढून बघा. दोन्ही जवळपास एकाच ठिकाणी येतात.

स्कोअर खरंच कमी असेल, तर चुका कशामुळे होतात ते शोधा. डेटा सफिशियन्सीचा, म्हणजे दिलेली विधानं उत्तर काढायला पुरतात का हे ठरवायचा, एक प्रश्न घ्या : क्ष धन आहे का? पहिलं विधान, क्षचा वर्ग 9. दुसरं, क्षचा घन 27. घनावरून क्ष 3च येतो, म्हणजे दुसरं विधान एकटं पुरतं. वर्गावरून मात्र 3 किंवा उणे 3 काहीही निघू शकतं. उणे 3 तुम्हाला सुचलंच नसेल, तर पाया कच्चा आहे. घरी निवांत बसल्यावर लगेच सुचलं, पण परीक्षेत शेवटच्या दोन मिनिटांत राहून गेलं, तर अडचण वेळेची आहे. उत्तर तेच चुकलं, उपाय मात्र वेगळे.

पाया कच्चा असलेल्यांनी पुणे गाठावं. समोर बसलेल्या शिक्षकाला जागच्या जागी अडवून विचारता येतं, आणि त्याला तोड नाही. पण खर्च फक्त फीचा नसतो. कॉट बेसिस, मेस, वर सव्वादोनशे किलोमीटरच्या खेपा. कुपवाड एमआयडीसीत नोकरी सांभाळून शनिवार-रविवारची बॅच करणाऱ्याचा सोमवार तर झोपेतच जातो.

वेळेचा घोळ असणाऱ्यांना मी ठामपणे सांगेन, सांगलीतच राहा. विश्रामबागेतल्या एखाद्या अभ्यासिकेत एमपीएससीच्या मुलांमध्ये बसून जितका सलग अभ्यास होतो, तितका बॅचच्या धावपळीत होत नाही. तिथे जीमॅटची शंका विचारायला कुणी भेटणार नाही, ही उणीव खरी. त्यासाठी अडलेल्या भागापुरते ऑनलाइन तास घ्या. चुकांची वही ठेवा : प्रश्न, लागलेला वेळ, चुकीचं कारण. अधिकृत साइटवरच्या दोन मोफत सराव परीक्षा जपून वापरा आणि एका बैठकीत, 64 प्रश्न 135 मिनिटांत, अशाच सोडवा. प्रश्न रिकामे सोडले तर गुण कापले जातात, म्हणून शेवटपर्यंत पोहोचण्याचा सराव आधी.

कॅट ही एमबीएचीच दुसरी प्रवेश परीक्षा वर्षातून एकदाच होते, जीमॅट मात्र 16 दिवसांनी पुन्हा देता येते, बारा महिन्यांत पाच वेळा. पण तेवढ्यासाठी लगेच पुढची तारीख घेऊ नका. त्या दिवशी ताप होता किंवा घाबरगुंडी उडाली होती, तर गोष्ट वेगळी. एरवी दोन-तीन महिने द्या.

परीक्षा घरूनही देता येते, पण खोलीत कुणी आलं तर ती रद्द होऊ शकते. पाहुण्यांची वर्दळ असेल, वीज जात असेल, तर पुण्याचं केंद्र घ्या आणि आदल्या दिवशीच मुक्कामाला जा.