जंपिंगवाल्या घोडीला घेऊन दोन दिवसांचं ड्रेसाज क्लिनिक (म्हणजे शिकवणीचं शिबिर) केलं, त्याबद्दल

आधीच सांगते, ड्रेसाज (उड्या नाहीत, घोड्याला ठरलेल्या आकृत्यांत आणि चालींत नेमकं चालवायचं) म्हणजे घोड्यावर बसून भूमिती असंच माझं मत होतं. आजवर फक्त जंपिंग केलंय आणि माझ्या घोडीलाही तेवढंच माहीत, समोर पोल दिसला की कान टवकारून सुटायचं. पण हल्ली दोन उड्यांच्या मधे ती इतकी ओढायला लागली होती की राउंड संपेपर्यंत माझे खांदे निखळायची वेळ यायची, म्हणून म्हटलं चला बघू तरी.

अरीना छोटा, 20 बाय 40 मीटरचा, कडेने अक्षरांच्या पाट्या. आत शिरायचं ए कडून, जज बसतात सी ला, आणि एक्सची पाटीच नसते, मधोमध आहे असं धरून थांबायचं. पहिली पंधरा मिनिटं बाईसाहेब सीच्या पाटीजवळ जायलाच तयार नाहीत! एवढे मोठे ऑक्सर (पुढेमागे दांड्या लावलेले रुंद अडथळे) उडणारी घोडी, आणि घाबरते कशाला तर पांढऱ्या पाटीला.

मग 20 मीटरचं सर्कल. शिकवणाऱ्या मॅडमनी वाळूत आमच्याच टापांचे ठसे दाखवले, सर्कल कुठलं, बटाटा होता तो. उजवीकडे तर त्याहून वाईट. मला वाटलं घोडीच एका बाजूला कडक आहे, पण मॅडमनी मला खाली उतरवलं, सुटे लगाम आणले, एक टोक स्वतः धरलं आणि म्हणाल्या मी घोडा, चालवा मला. अर्ध्या मिनिटात कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते. माझा उजवा हात सतत धरूनच ठेवतो, सोडतच नाही, मग ती ओढणार नाही तर काय करणार बिचारी. हाफ हॉल्ट म्हणजे ब्रेक असंच मी इतके दिवस समजत होते, तर तसं नाही, बैठकीतून क्षणभर रोखायचं, पाय लावलेला ठेवायचा आणि लगेच हात मऊ करायचा, हा शेवटचा भागच मी कधी केला नव्हता. नुसत्या एवढ्यासाठी पैसे वसूल.

आता तक्रार. ड्रेसाजचं सॅडल तिथलंच मिळेल म्हणाले म्हणून नेलं नाही, ते निघालं माझ्या घोडीला अरुंद. संध्याकाळी काढलं तर पाठ घामाने ओली आणि खांद्यामागे दोन्हीकडे कोरडे चट्टे, तिथे बोट दाबलं तर अंग चोरत होती. दुसऱ्या दिवशी माझंच जंपिंगचं घातलं, काहीही अडलं नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं? शिवाय एवढ्याशा जागेत सहा घोडे म्हणजे अर्धा वेळ एकमेकांना चुकवण्यातच.

शेवटी लुटुपुटूची टेस्ट, प्रत्येक हालचालीला 10 पैकी मार्क. एक्सवरच्या हॉल्टला 4, आणि फ्री वॉकला 7.5, ज्यात मी लगाम सैल सोडण्यापलीकडे काहीच केलं नव्हतं.

काल परत जंपिंगला गेलो. पाच स्ट्राइडची लाइन होती, म्हणजे दोन उड्यांच्या मधे घोड्याच्या पाच ढांगा, ही नेहमी चारात उरकते. काल पाच आल्या. एकदाच, पण आल्या.